पत्ता मला माहीत होता, फाइलला नव्हता

इंग्लंडमध्ये लेस्टरमधल्या एका नर्सिंग होमच्या ऑफिसात मी काम करते. रोटा म्हणजे ड्युट्यांचं वेळापत्रक, पगार, रजा, शिवाय परदेशातून आणलेल्या नर्सेसच्या स्पॉन्सरशिपचं, म्हणजे त्यांच्या व्हिसासाठी मालकाने घेतलेल्या जबाबदारीचं, सगळं कागदोपत्री काम. होम ऑफिसच्या, म्हणजे इथल्या गृहखात्याच्या, ज्या पोर्टलवर हे चालतं त्याला सगळे 'एसएमएस' म्हणतात, स्पॉन्सरशिप मॅनेजमेंट सिस्टिम. आमच्या मालकांना बरेच दिवस वाटायचं, मी सरकारला मोबाइलवरून मेसेज पाठवते.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी दहा वीसला दोघे जण दारात उभे राहिले. गळ्यात होम ऑफिसची ओळखपत्रं. आधी ना फोन, ना मेल. ते असेच न सांगता येऊ शकतात, हे नियमांत वाचलेलं होतं. तरी पोटात गोळा आलाच. त्यांनी रोटा मागितला, सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या मागितल्या, पगार खरंच बँकेत गेल्याचा पुरावा मागितला. मग आमच्या एका नर्सला बाजूच्या खोलीत नेलं. काय काम करतेस, किती तास, वरिष्ठ कोण, नोकरीसाठी कुणाला पैसे दिलेस का, राहतेस कुठे.

ही मुलगी मिरजेची. मी सांगलीची, म्हणजे शेजारचीच म्हणायची. तिने सांगितलेला पत्ता एक आणि फाइलमधला दुसरा.

गंमत अशी की त्या नव्या घरी मी जाऊन आले होते. जूनमध्ये तिने व्हॉट्सअ‍ॅपवर स्वयंपाकघराचा फोटो टाकला, 'ताई, चहाला या.' मी गेले. तिने कांदेपोहे केले होते, ओला नारळ मिळाला नाही म्हणून वर पाकिटातलं सुकं खोबरं भुरभुरलेलं. बसस्टॉपवरून कुठे वळायचं हेसुद्धा मी त्या अधिकाऱ्याला सांगू शकले असते. फाइलला मात्र त्या घराचा पत्ताच नव्हता.

स्पॉन्सर केलेल्या माणसाचा आजवरचा प्रत्येक पत्ता आणि फोन नंबर मालकाने नोंदवून ठेवायचा असतो. कामाला पहिल्या दिवशी हात लावण्याआधी तिचा शेअर कोड, म्हणजे कामाचा हक्क दाखवणारा ऑनलाइन कोड, घेऊन सरकारी साइटवर आपण स्वतः तपासायचा, फोटो आणि समोरचा चेहरा जुळवायचा, ते पान तारखेसकट ठेवायचं. कामगाराने दाखवलेला स्क्रीनशॉट चालत नाही. कामाचा हक्क नसलेला माणूस कामावर सापडला तर 2024 च्या फेब्रुवारीपासून पहिल्याच चुकीला माणशी 45,000 पौंडांपर्यंत दंड आहे. आधी तो 15,000 होता.

त्याच वर्षी एप्रिलपासून परदेशी कामगारांना स्पॉन्सर करायचं मालकाचं लायसन्स दर चार वर्षांनी नवं करायची पद्धत बंद झाली. मालक खूश, 'चला, कटकट गेली.' मी म्हटलं, 'शेठ, परीक्षेची तारीख गेली, परीक्षा नाही.'

पत्त्याचं प्रकरण माझ्या लेखी खुलाशावर निभावलं. सगळ्यांचं निभावत नाही. गावातल्या एका केअर कंपनीचं लायसन्स रद्द झालं तेव्हा तिथल्या मुली बायोडेटा घेऊन आमच्या दारात आल्या होत्या. साधारण 60 दिवसांत नवा स्पॉन्सर शोधा नाहीतर देश सोडा. कागद मालकाने ठेवायचे, चुकले तर बॅगा यांनी भरायच्या. त्यातल्या एकीने गावाकडे जमीन गहाण ठेवून एजंटला पैसे दिले होते. सीओएसची, म्हणजे मालकाने द्यायच्या स्पॉन्सरशिपच्या प्रमाणपत्राची, फी आणि मालकाच्या लायसन्सचा खर्च कामगाराकडून वसूल करता येत नाही, हे तिला इथे येऊन कळलं. इतका संताप मला क्वचित येतो.

माझ्या कामातला सगळ्यात नकोसा भाग मात्र रजेचा. स्पॉन्सर केलेली व्यक्ती न सांगता सलग दहापेक्षा जास्त कामाचे दिवस गैरहजर राहिली, की पुढच्या दहा कामाच्या दिवसांत पोर्टलवर कळवावं लागतं. नोकरी सोडली, पगार कमी झाला, कामाची जागा बदलली, तरी तेच. गणपतीच्या कार्यक्रमात एक ओळखीच्या बाई मला हसत म्हणाल्या, 'म्हणजे सरकारकडे चहाड्या करायचा पगार मिळतो तुला!' मीही हसले. घरी येऊन नवऱ्यावर उगाच खेकसले.

फेब्रुवारीत मिरजेच्या मुलीच्या वडिलांना पक्षाघात झाला. तीन आठवड्यांची पगारी रजा मालकांनी मेलवर मंजूर केली, ती गेली. मंजूर रजा ही गैरहजेरी नव्हे, त्यामुळे कळवायचं काही नव्हतं. बिनपगारी रजा मात्र वर्षात चार आठवड्यांच्या वर गेली, की आजारपण, बाळंतपण अशा ठरावीक कारणांखेरीज स्पॉन्सरशिपच धोक्यात येते. रजा वाढून बिनपगारी झाली तर काय, म्हणून मी कॅलेंडरवर पेन्सिलने दिवस मोजत होते.

रजा संपायच्या दोन दिवस आधी पहाटे साडेतीनला फोन वाजला.

'ताई, अजून दोन आठवडे लागतील. तुम्ही सांगाल ना शेठना?'

'सांगते. पण तू मेल टाक.'

'आता?'

'आत्ता. एका ओळीचा चालेल.'

ती जरा वेळ काही बोलली नाही. मागे कुणीतरी औषधाच्या चिठ्ठीसाठी नाव पुकारत होतं. 'ताई, मी आयसीयूच्या बाहेर बसलेय.'

'माहितीय गं. तरी टाक.'

तीन बावन्नला मेल आला. वडील अजून आयसीयूत आहेत, रजा वाढवून मिळावी, एवढंच. सकाळी मालकांची मंजुरी घेतली, दोन्ही मेल छापले, पंच केले, तिच्या फाइलमध्ये नव्या पत्त्याच्या कागदामागे लावले. विषयाची जागा तिने कोरीच सोडली होती.