डबलडेकरची प्रतिकृती, आठवडा सहावा: गोंद लागलेला अंगठा आणि फोनचे कुलूप

बेस्टच्या डिझेलवर चालणाऱ्या शेवटच्या डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ रोजी रस्त्यावरून गेल्या. त्यांपैकी एकीची १:७२ प्रमाणातली प्रतिकृती मी गिरगावातल्या घरी पॉलिस्टायरीनच्या पत्र्यातून घडवत आहे. या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांच्या चौकटी बसल्या. या पट्ट्या इतक्या बारीक आहेत की चिमट्यात धरताच वाकतात. त्या बोटांनी दाबून धराव्या लागल्या, आणि उजव्या अंगठ्यावर सुपरग्लूचा पातळ थर बसला. त्यानंतर तीन दिवस फोनने तो अंगठा ओळखला नाही.

कारण समजून घेण्यासारखे आहे. माझ्या फोनच्या कडेच्या बटणातला संवेदक विद्युत धारकतेवर चालतो. बोटाच्या त्वचेवरचे उंचवटे त्याला टेकतात, मधल्या खाचांत हवा राहते, आणि या दोहोंच्या धारकतेतील फरकावरून ठशाचे चित्र तयार होते. वाळलेला गोंद विजेचा दुर्वाहक असतो. तो खाचा भरून काढतो आणि उंचवट्यांनाही संवेदकापासून दूर ठेवतो, त्यामुळे फरकच उरत नाही. डाव्या अंगठ्यावर मुद्दाम लावलेला पांढरा लाकूडगोंद मात्र वाळल्यावर सालीसारखा अखंड निघाला आणि फोन लगेच उघडला.

सुपरग्लूतले सायनोॲक्रिलेट पाण्याच्या अंशाने घट्ट होते. त्वचेवर ओलावा असतोच, त्यात मुंबईतला जुलै. त्यामुळे बोट बाजूला घ्यायलाही सवड मिळत नाही. ॲसिटोनने हा थर विरघळतो, पण त्याच ॲसिटोनने पॉलिस्टायरीनही विरघळते, म्हणून ती बाटली मी कामाच्या टेबलावर येऊ देत नाही. कोमट साबणपाण्यात बोटे भिजवून थर आपोआप सुटू देणे मला अधिक योग्य वाटते. पात्याने खरवडू नये. सुती हातमोजेही कृपया वापरू नका: सुती कापडावर हा गोंद सांडला तर तो वेगाने घट्ट होताना इतका तापतो की त्वचा भाजू शकते. मी आता नायट्रिलचे हातमोजे घालतो आणि गोंदाच्या कामात कधीच न येणाऱ्या डाव्या अनामिकेचा ठसाही फोनमध्ये नोंदवून ठेवला आहे.

काल एका खिडकीच्या पारदर्शक तुकड्यावर पांढरी झाक दिसली. भिंगाखाली धरल्यावर तिच्यात माझ्याच बोटाच्या रेषा स्वच्छ उमटलेल्या होत्या. गोंदाची वाफ बोटाने मागे ठेवलेल्या घाम-तेलाच्या अंशांवर जमून घट्ट होते, आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळांत अदृश्य ठसे याच रीतीने उठवतात. ही गोष्ट वाचून ठाऊक होती, पण स्वतःच्या टेबलावर ती पाहताना मी बराच वेळ भिंग खाली ठेवू शकलो नाही.

तो तुकडा बदलावा लागेल. उरलेल्या सर्व काचा आता पांढऱ्या लाकूडगोंदाने बसवणार आहे, कारण त्याने अशी झाक धरत नाही.