एका तुकडीचे दोन परतावे

गंगापूर रोडवरच्या आमच्या छोट्या कार्यालयात मी एका मल्टिप्लेअर स्ट्रॅटेजी गेमच्या सर्व्हरचे काम पाहतो. एका सोमवारी सकाळी एका खेळाडूची तक्रार आली, की गेममधल्या त्याच्या शेजारच्या राज्याकडे 48 लाख धान्य आहे. सर्वांत मोठ्या कोठाराची मर्यादा 2 लाखांची असल्याने मला ती हरलेल्याची कुरकुर वाटली. डेटाबेस उघडला, तर आकडा खरा निघाला.

लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, त्या राज्याच्या ‘प्रशिक्षण रद्द’ या विनंत्या जोडीजोडीने दिसत होत्या. तुकडीचा क्रमांक तोच आणि दोन विनंत्यांमधले अंतर 11 मिलिसेकंद. तो खेळाडू 40,000 धान्य भरून घोडदळाची तुकडी प्रशिक्षणाला लावत होता आणि लगेच ती एकाच वेळी दोनदा रद्द करत होता. पहिली विनंती ‘चालू’ ही स्थिती वाचून भरलेल्या धान्याचा परतावा देण्याच्या बेतात असताना दुसरीही तीच स्थिती वाचत होती, त्यामुळे दर फेरीला 40,000 फुकट मिळत होते. अशा 115 फेऱ्या एका रात्रीत झाल्या होत्या. फोनवरचे बटण पहिल्या स्पर्शानंतर बंद होत असे खरे, पण विनंती थेट सर्व्हरला पाठवणाऱ्याला बटणाशी काय देणेघेणे? शिवाय परताव्याला कोठाराची मर्यादा लागू नव्हती. कोठार भरलेले असताना कोणाचा परतावा बुडू नये, म्हणून ती सवलत दोन वर्षांपूर्वी मीच लिहिली होती.

“पण हे सगळं ट्रान्झॅक्शनमध्येच आहे ना?” सहकाऱ्याने विचारले. ट्रान्झॅक्शन म्हणजे सगळे मिळून एकच मानले जाणारे व्यवहार. होते ते तसेच, पण आमच्या पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ‘रीड कमिटेड’ या, वेगळे काही न सांगितल्यास लागू होणाऱ्या पातळीवर दोन ट्रान्झॅक्शन एकच जुनी स्थिती खुशाल वाचू शकतात. खात्री करायला वाचणे आणि लिहिणे यांच्यामध्ये मी मुद्दाम अर्ध्या सेकंदाचा विलंब घातला, तेव्हा चोरी दर वेळी साधली.

दुपारी जेवायला घरी गेलो, तेव्हा वडिलांना हे सांगितले. त्यांनी लासलगावला अडतीच्या गाळ्यावर बरीच वर्षे हिशेब लिहिला आहे. ते म्हणाले, “अरे, हिशेबाच्या पट्टीवर आधी शिक्का मारायचा, मग पैसे मोजायचे. तुम्ही उलटं करता होय?”

दुरुस्ती नेमकी तीच होती. ‘स्थिती अजून चालू असेल तरच रद्द कर’ असा नोंद बदलणारा एकच आदेश, म्हणजे अपडेट, आधी चालवायचा आणि डेटाबेसमधली एक ओळ, म्हणजे त्या तुकडीची नोंद, बदलली तरच परतावा द्यायचा. दुसरी विनंती त्या ओळीच्या कुलपापाशी थांबते, अट पुन्हा तपासली जाते आणि तिच्या वाट्याला शून्य ओळी येतात. विलंब तसाच ठेवून मी 1,000 जोड्या पाठवल्या; परतावेही 1,000 च झाले. संध्याकाळी बदल सर्व्हरवर चढवला.

उरलेले धान्य आम्ही काढून घेतले. मात्र काही धान्य त्याने मित्रराज्यांना आधीच वाटले होते, आणि आमच्याकडे नोंद फक्त शिल्लक रकमेची असल्याने त्यातले खरे किती, खोटे किती हे वेगळे करता येईना. त्या धान्यावर उभ्या राहिलेल्या फौजेने तक्रारदाराचे तीन किल्ले घेतले होते. ते परत देता येणार नाहीत, हे उत्तर त्याला मलाच लिहावे लागले.