लोणंद ते तरडगाव : आम्हा सातजणांची पहिली वाट

आमच्या घरात वारी नव्हती. माउलींची पालखी पुण्यात आली की भवानी पेठेत दर्शनाच्या रांगेत उभं राहायचं, वारकऱ्यांना राजगिऱ्याचे लाडू वाटायचे, एवढाच संबंध. यंदा माघात आईने सगळ्यांच्या जेवणाच्या वेळी विचारलं, "आपण कधी चालायचं?" आई 71 वर्षांची, बाबा 75. भाऊ-वहिनी, त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा, माझी सोळा वर्षांची लेक आणि मी. सातातलं कुणीही याआधी सलग पाच किलोमीटर चाललेलं नव्हतं.

सगळी अठरा-एकोणीस दिवसांची वाट आमच्या आवाक्यातली नव्हती, हे पहिल्याच दिवशी कळलं. मग कुठला टप्पा? भावाचं म्हणणं पुणे ते सासवड, त्याच्या ऑफिसातले सगळे तोच चालतात. पण तो या वाटेवरचा सर्वांत मोठा टप्पा, तीस किलोमीटरच्या वर, आणि दिवेघाट येतो तो पाय पुरते दमल्यावर. भाच्याला तुकोबारायांच्या वाटेवरचं काटेवाडीचं मेंढ्यांचं रिंगण बघायचं होतं. पालखीभोवती मेंढ्या धावतात हे ऐकल्यापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. वहिनी म्हणाली, मग सरळ शेवटचा टप्पा घेऊ, वाखरी ते पंढरपूर, जेमतेम पाच-सहा किलोमीटर. अंतर पाहिलं तर ती बरोबर होती. पण वाखरीला सगळ्या संतांच्या पालख्या एकत्र येतात. त्या दाटीत नऊ वर्षांचं पोर आणि गुडघे दुखणारी आई घेऊन शिरायचं धाडस मला झालं नाही.

मावसबहिणीने वेगळंच सुचवलं होतं : चैत्रातली उत्तरवाहिनी नर्मदा परिक्रमा, एका दिवसात होते. मनात भरलं होतं ते. पण चैत्रातलं ऊन बाबांच्या रक्तदाबाला मानवणारं नाही, म्हणून सोडून दिलं.

शेवटी बाबांनी कागदावर सगळे मुक्काम लिहून काढले आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहिला : इथे कुणाला थांबावं लागलं, तर घरी कसं यायचं? माझ्या मते पहिल्यांदा निघणाऱ्या कुटुंबाने किलोमीटर मोजण्याआधी हाच प्रश्न विचारावा. पालखी चालत असते तेव्हा तो रस्ता वाहनांना बंद असतो. दिवेघाटाच्या दिवशी सासवडची वाहतूक बोपदेव घाटाने वळवतात. मध्येच कुणी बसलं तर "गाडी बोलावू" म्हणायची सोय नसते. मग बाबांच्या लक्षात आलं की जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद ही सगळी गावं पुणे-मिरज रेल्वेमार्गावर आहेत. रस्ता बंद असला तरी रेल्वे चालू असते. जेजुरी ते वाल्हे सुमारे बारा किलोमीटर, लोणंद ते तरडगाव सुमारे आठ. शिवाय तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब, म्हणजे माउलींच्या वाटेवरचं पहिलं उभं रिंगण. भाच्याला मेंढ्यांऐवजी घोडे मिळणार होते. त्याने बराच विचार करून होकार दिला.

दिंडी मात्र आधी गाठून ठेवली. ओळखीतून एका रथामागच्या दिंडीच्या प्रमुखांना बाबा जाऊन भेटले. भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणाखाण्याची वर्गणी, भरली. त्यांनी दोनच अटी घातल्या : ओळीत चालायचं, आणि आपलं ताट-वाटी आपण आणायचं. रथापुढे 27 दिंड्या, मागे त्याहून कितीतरी जास्त, आणि प्रत्येकीला क्रमांक. त्या गर्दीत माणूस हरवलं तर कुणी नाव विचारत नाही. "रथापुढे की मागे, कितवी?" असं विचारतात. मी पेनाने प्रत्येकाच्या मनगटावर क्रमांक लिहिला, आईच्यासुद्धा. तिने तो रात्री पुसू दिला नाही.

आदल्या संध्याकाळी रेल्वेने लोणंदला उतरलो. नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान घालून पालखी सातारा जिल्ह्यात आलेली होती, आणि सगळं गाव राहुट्यांनी भरलं होतं. रात्री पाऊस. वहिनीने सातजणांना नवे रेनकोट घेतले होते, पण दिंडीतल्या बायका डोक्यावरून मेणकापड ओढून निवांत होत्या. दुसऱ्या दिवशी कळलं का ते : रेनकोटात घामाने आतून भिजायला होतं, आणि मेणकापड विसाव्याला खाली अंथरता येतं. बुटांचंही तसंच. लेकीचे मोजे भिजले आणि तीन किलोमीटरवर टाचेला फोड आला. उरलेली वाट ती बाबांच्या जुन्या चपला घालून चालली, आणि बाबा तिच्या बुटांत!

पालखी दुपारी निघाली. माझा सगळ्यांत मोठा गैरसमज इथे गळून पडला. आठ किलोमीटर म्हणजे दोन-अडीच तास, असा माझा हिशोब होता. आम्हाला पाच तास लागले. दिंडी टाळाच्या ठेक्यावर चालते, थांबते, पुन्हा पुढचं अंतर भरून काढायला एकदम झपझप निघते. आईचे गुडघे चालण्याने दुखले नाहीत, उभं राहण्याने दुखले. तिसऱ्या थांब्याला तिचा चेहरा उतरला. शेजारच्या तुळशीवाल्या आजींनी काही न विचारता काखेतलं गाठोडं खाली ठेवलं, "माउली, बसा," म्हणाल्या आणि स्वतः डोक्यावरच्या वृंदावनासकट उभ्या राहिल्या. वडीलधारी माणसं बरोबर असतील तर घडीचं हलकं स्टूल न्याच. सामानाच्या ट्रकचा भरवसा धरू नका, तो पुढच्या मुक्कामी आधीच गेलेला असतो. आणि बायकांनी निघण्यापूर्वी मुक्कामाच्या गावातल्या फिरत्या शौचालयात जाऊन यावं. मधल्या वाटेवर आडोसासुद्धा नाही, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

चांदोबाच्या लिंबाजवळ चोपदारांनी वारकऱ्यांना रस्त्याच्या दोन्ही कडांना उभं केलं. मध्ये मोकळी वाट. आईबाबांना आम्ही मागच्या उंच बांधावर बसवलं, भाचा भावाच्या खांद्यावर. आधी पताका घेतलेल्या स्वाराचा अश्व आला, आणि त्याच्यामागून माउलींचा, ज्याच्या पाठीवर कुणीही बसत नाही. टाळांचा आवाज इतका वाढला की टापा ऐकूच आल्या नाहीत. मोजून काही क्षण. घोडे गेले आणि माणसं खाली वाकून टापांखालची माती कपाळाला लावू लागली. मी वळून पाहिलं तर बाबा बांधावरून उतरून आले होते. आयुष्यभर देवळात बाहेर चपला सांभाळत बसणारे बाबा दोन्ही हातांनी माती गोळा करत होते. रुमालात बांधली त्यांनी ती. मी काही विचारलं नाही.

तरडगावच्या तळावर समाजआरतीला हजारो टाळ एकाच वेळी वाजत होते. चोपदाराने दंड उंच केला, आणि सगळं गप्प. भाचा माझ्या कानात म्हणाला, "आत्या, त्यांना कसं कळलं?" कुणाच्या हरवलेल्या वस्तू सापडल्या ते पुकारलं गेलं. ज्या दिंडीची तक्रार असते तिचे टाळ वाजतच राहतात, मग चोपदार तिकडे जाऊन ऐकून घेतात. त्या रात्री तसं झालं नाही. आरती झाली, पिठलं-भाकरी झाली, आणि आई राहुटीत त्या आजींच्या शेजारी आडवी झाली. दोघी बराच वेळ बोलत होत्या. आजींची ही एकोणिसावी वारी.

पहाटे दिंडी फलटणकडे निघाली. ते अंतर वीस किलोमीटरच्या वर, आमच्या कागदावर बाबांनी त्यावर आधीच फुली मारलेली होती. पालखी पुढे गेली की मागचा रस्ता मोकळा होणार, मग लोणंद आणि तिथून रेल्वे. आम्ही सामान आवरून कडेला उभे होतो. ओळ पुढे सरकली. आजींनी वृंदावन सावरत मागे वळून हाक मारली, "माउली, भेटू पंढरपुरात!"

"येते," आई म्हणाली. आणि ओळ दिसेनाशी होईपर्यंत तिने स्टेशनकडे तोंड वळवलं नाही.