मध्यंतराचा बुक्का

नारदीय कीर्तन ज्यांनी ऐकलंय त्यांना मध्यंतर माहीत असेल. पूर्वरंग, म्हणजे निरूपणाचा पहिला भाग, संपतो, नामाचा गजर सुरू होतो, यजमान उठून कीर्तनकाराला हार घालतात, बुक्का लावतात, मग पेटीवाल्याला, तबल्यावाल्याला, आणि मग तबक श्रोत्यांत फिरतं. दोन मिनिटांचं काम, कुणी नीट बघतही नाही. देवासला दत्ताच्या उत्सवात माझं कीर्तन होतं त्या दिवशी यजमानांनी मला बुक्का लावला, पेटीवाल्या काकांना लावला आणि तबल्यावरच्या मुलाला सोडून तबक सरळ पुढे नेलं. विसरले वगैरे नव्हते, मी गादीवर उभी होते, मला समोरून सगळं दिसत होतं.

आधी थोडं मागचं सांगते. मी इंदूरची, रामबागेत राहते, कीर्तन हेच माझं काम. आमच्याकडे इंदूर, देवास, धार, उज्जैन, महू असं सगळीकडे मराठी लोकांची दत्ताची, रामाची, विठ्ठलाची लहान लहान देवळं आहेत, होळकर-पवार-शिंद्यांच्या काळापासून आलेली घरं ती सांभाळतात. आता तरुण मुलं पुण्याला नाहीतर बंगलोरला, त्यामुळे मंडळात उरलेत ते रिटायर्ड लोक. अशात दर गुरुवारच्या आरतीला न चुकता येणारा तबलजी म्हणजे मंडळाचा जीवच असतो.

हा मुलगा शाळेत असल्यापासून तिथे वाजवतोय. आता इंदूरला भंवरकुआंला रूम घेऊन कॉलेज करतो आणि गुरुवारी बसने देवासला येतो. त्याला मुली नाही, मुलं आवडतात. त्याने हे घरी सांगितलं नव्हतं, कुणीतरी त्याचे मेसेज स्क्रीनशॉट काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले आणि देवाससारख्या गावात मग काय, दोन दिवसांत भाजीवाल्यापर्यंत पोचलं. (हे सगळं त्याला आणि त्याच्या आईला आधी वाचून दाखवलंय, दोघांनी हो म्हटलं म्हणूनच लिहितेय. नावं मुद्दाम कुणाचीच देत नाहीये, देऊळही सांगत नाही.)

मंडळाचे सेक्रेटरी काका बँक नोट प्रेसमधून रिटायर झालेले, मोजून बोलणारे. त्यांचा उत्सवाआधी फोन आला, "ताई, तबल्याला आपलाच पोरगा असेल. दोन घरं म्हणून राहिली की त्याला बसवू नका, देवळात चालणार नाही. मी मीटिंगमध्ये सांगितलंय की बसेल. तुम्हाला काही प्रॉब्लेम?" मी म्हटलं काका, मला कसला प्रॉब्लेम, तो नसेल तर मात्र होईल. मग काका जे बोलले ते मला फार महत्त्वाचं वाटलं. म्हणाले, "मला या विषयातलं काही कळत नाही, शिकून राहिलो आहे. पण पोरगं रूमवर एकटं बसून काय करेल याची भीती वाटते. इथे डोळ्यासमोर असलेलं बरं."

धर्म आणि ही मुलं हा विषय निघाला की लोक एकदम शास्त्रात काय लिहिलंय इथून सुरू करतात. काकांनी शास्त्र काढलंच नाही. त्यांना फक्त एवढं कळलं की या पोराची घराबाहेर एकच जागा आहे, त्या तबल्याच्या मागची गादी, आणि ती काढून घेतली तर त्याच्याकडे काही उरत नाही.

तर तबक पुढे गेलं. गजर चालूच होता. मुलाने मान खाली घातली, पण ठेका सोडला नाही. मी काही बोलायच्या आतच बायकांच्या बाजूने काकू उठल्या, सेक्रेटरी काकांच्या मिसेस, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, उठायला वेळ लागतो त्यांना. सगळ्यांसमोरून चालत आल्या, यजमानांच्या हातून तबक घेतलं, मुलाच्या कपाळाला बुक्का लावला, आपल्याला लावून घेतला आणि तबक परत यजमानांच्या हातात दिलं. एक शब्द बोलल्या नाहीत. यजमान लाल झाले, पण तबक फिरवत राहिले.

एवढ्यात माझ्याकडे चिठ्ठी आली. उत्तररंगात, म्हणजे मध्यंतरानंतरच्या गोष्टीच्या भागात, नारदी लावा. मागच्या रांगेत दोन-तीन जण हसत होते, म्हणजे चिठ्ठी कुठून आली ते कळलंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, नारदाची नारदी हे आमचं हुकमी आख्यान आहे. नारद कृष्णाला म्हणतो, तुला इतक्या राण्या, एक मला दे. कृष्ण म्हणतो, ज्या महालात मी नसेन तिथली घे. नारद सगळे महाल हिंडतो, प्रत्येक ठिकाणी कृष्ण आहेच. शेवटी दमून नदीत बुडी मारतो आणि वर येतो तो बाई होऊन. लग्न होतं, संसार होतो, साठ मुलगे होतात. कीर्तनात इथे बायकी चाल करून दाखवतात, तबल्यावर लग्गी, म्हणजे जलद उडता ठेका, लागते आणि लोक पोट धरून हसतात. त्यांना तेच हवं होतं, त्या मुलाने लग्गी वाजवायची आणि त्यालाच बघून हसायचं.

मला गोरोबाकाकांचं आख्यान लावायचं होतं. तरी मी नारदीच लावली. नाही म्हटलं असतं तर चिठ्ठीवाल्यांचंच खरं झालं असतं, की यात लाजण्यासारखं काहीतरी आहे. पण मी चाल केली नाही, आवाज बदलला नाही. नदीतून वर आलेली नारदी मी सरळ उभं राहून सांगितली, घाबरलेली, आपलंच अंग अनोळखी झालेली, आणि तरी तोंडात नारायणाचं नाव तेच. मुलगा लग्गीसाठी थांबला होता, माझ्याकडे बघत होता, मी हातानेच सांगितलं साधा भजनी ठेका. त्याने इतका सुंदर धरला ना, की पेटीवाले काका वाजवता वाजवता त्याच्याकडे वळून बघायला लागले.

मग मी विचारलं, ते साठ मुलगे कोण? पुढच्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, संवत्सरं. बरोबर. प्रभव, विभव, शुक्ल इथून सुरू होणारी साठ वर्षांची नावं ती या नारदीची मुलं. तेव्हा चालू होतं शके १९४७, विश्वावसु. सकाळी पूजेचा संकल्प सोडताना तेच नाव घेतलंत ना? नारदीच्या मुलाचं नाव घेतल्याशिवाय आपल्याकडे सत्यनारायणसुद्धा होत नाही. आणि मी ज्या गादीवर उभी आहे ती त्याच नारदाची, ज्याला कृष्णाने परत बोलावताना तू कोण झालास म्हणून हिणवलं नाही. मागची रांग गप्प होती.

इथे एक स्पष्ट करते, नारदीची गोष्ट म्हणजे या मुलाची गोष्ट नाही. तो पुरुष आहे, त्याला बाई व्हायचं नाही, या वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची सरमिसळ करू नये. मला फक्त हसण्याचं हत्यार त्यांच्या हातून काढून घ्यायचं होतं.

मुलाचे वडील कीर्तनाला आत आलेच नव्हते, चपलांपाशी उभे होते. महाप्रसाद झाल्यावर काकांनी त्यांना ओसरीवर बसवलं, मलाही बोलावलं. काकांची पुतणी इंदूरला हायकोर्टात वकिली करते, ती आली होती. वडील म्हणाले, एका डॉक्टरने सांगितलंय की ट्रीटमेंटने ठीक होतो, शिवाय एक बाबा आहेत त्यांच्याकडेही नेणार. पुतणीने एकेक करून सांगितलं, न ओरडता. हा आजार नाही, जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० ला आजारांच्या यादीतून काढलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय की समाजाच्या किंवा धर्माच्या समजुतींत बसत नाही एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की हा गुन्हा नाही. आणि असं "ठीक करून देतो" म्हणणं हे डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्येच राज्यांच्या मेडिकल कौन्सिलना कळवलंय.

वडिलांनी विचारलं, "मग लग्न?" ती म्हणाली, काका खोटं नाही सांगणार, दोन मुलांच्या लग्नाला कायद्याची मान्यता नाही, १७ ऑक्टोबर २०२३ ला कोर्टाने तो विषय संसदेवर सोडला. पण एखाद्या मुलीशी याचं लग्न लावून द्याल तर दोन आयुष्यं जातील, तेवढं करू नका.

त्यावर आई पहिल्यांदा बोलली. "लग्नाचं राहू द्या. तो जेवून राहिला नाही नीट, ते बघा आधी." वडील रडले. मान्य केलं असं नाही म्हणणार मी, पण बाबाकडे नेणं त्या रात्रीच कॅन्सल झालं, कारण काका म्हणाले न्यायचं असेल तर मीही बरोबर येतो आणि त्या बाबांशी मी बोलतो.

नंतर मंडळाने केलं ते लहान आहे पण सांगते. तबल्याची जबाबदारी वर्षभरासाठी त्याच्या नावाने लिहून लावली, म्हणजे दर वेळी तोच वाद नको. काकू दर गुरुवारी त्याला जेवल्याशिवाय इंदूरच्या बसमध्ये बसू देत नाहीत. काकांनी टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, १४४१६, देवळाच्या फळ्यावर आरतीच्या वेळांखाली लिहिलाय, कुठल्याही मुलासाठी, कारण न विचारता. दोन घरांतलं एक परत यायला लागलं. दुसरं, त्या दिवशीच्या यजमानांचं, अजून येत नाही, पण काका त्यांच्याकडे जाऊन बसतात अधूनमधून.

इंदूर, देवास, धार, उज्जैनकडे कुठल्या मंडळात असा मुलगा किंवा मुलगी असेल आणि लोक कुजबुजत असतील तर मला कीर्तनाला बोलवा. मानधन नको. तबल्यावर किंवा पेटीवर त्या मुलालाच बसवा, आणि मध्यंतराला तबक कोण फिरवणार हे आधी ठरवून ठेवा.