स्टार्टअपला न चालणारा सफाई प्रोग्राम: दादरच्या डीटीपी दुकानातला माझा अनुभव

दादर पश्चिमेच्या या दुकानात दोन डेस्कटॉप आणि एक लॅपटॉप आहे. लग्नपत्रिका, मंडळांचे बॅनर, अहवाल अशी कामे, त्यामुळे फोटोशॉप दिवसभर उघडे. सी ड्राइव्ह फक्त २५६ जीबीची. मोठ्या बॅनरवर काम चालू असताना फोटोशॉप टेंप फोल्डरमध्ये स्क्रॅच फाइल, म्हणजे कामापुरती तात्पुरती फाइल, बनवते. प्रोग्राम नीट बंद केला तर ती पुसली जाते, पण मशीन अडकून बटण दाबून बंद करावे लागले तर ती तशीच पडून राहते. एकेक फाइल काही जीबींची असू शकते. म्हणून रोज सकाळी आपोआप चालेल असा सफाईचा प्रोग्राम तिन्ही मशीनवर टाकलेला होता, आणि तिन्हीकडे तो चालत नव्हता.

अशा वेळी बहुतेकजण प्रोग्राम काढून पुन्हा टाकतात. मी ते केले नाही. आधी कळायला हवे की विंडोजने प्रोग्रामला हाकच मारली नाही, हाक मारून अडवले, की प्रोग्राम चालला पण त्याने काही पुसले नाही. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

पहिल्या डेस्कटॉपवर टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' टॅबमध्ये नाव होते आणि समोर 'एनेबल्ड' लिहिलेले होते. आयकॉनवर डबल क्लिक केले की प्रोग्राम चालायचा, पण आधी परवानगी विचारणारी खिडकी यायची. ती खिडकी हेच उत्तर. ऍडमिनिस्ट्रेटरचे अधिकार मागणारा प्रोग्राम रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीच्या) 'रन' नोंदीत किंवा स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवला, तर साइन-इनच्या वेळी विंडोज त्याला बहुतेक वेळा गुपचूप वगळते. एररही दिसत नाही. यावर काहीजण परवानगीची खिडकी कायमची बंद करतात. पेन ड्राइव्ह घेऊन दिवसभर गिऱ्हाईक येणाऱ्या दुकानात ते अजिबात करू नये. योग्य जागा टास्क शेड्युलर, म्हणजे ठरलेल्या वेळी किंवा प्रसंगी काम आपोआप चालवणारी विंडोजची सोय.

तिथे 'क्रिएट बेसिक टास्क' नव्हे, 'क्रिएट टास्क' घ्यायचे. 'जनरल'मध्ये 'रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस'वर खूण. 'ट्रिगर्स'मध्ये, म्हणजे काम कधी सुरू व्हायचे तिथे, 'ऍट लॉग ऑन' आणि 'डिले टास्क फॉर' १ मिनिट, कारण साइन-इन होताच डिस्कवर आधीच गर्दी असते. 'ऍक्शन्स'मध्ये प्रोग्रामचा पूर्ण पत्ता. पत्त्यात मोकळी जागा असेल तर तो दुहेरी अवतरणात टाकावा, आणि आपोआप सफाईचा स्विच (प्रोग्रामला काय करायचे ते सांगणारा छोटा शब्द) 'ऍड आर्ग्युमेंट्स'च्या चौकटीत वेगळा. स्विच नसेल तर प्रोग्राम नुसता उघडून बसतो आणि वाटते की चालला. 'स्टार्ट इन'मध्ये प्रोग्रामचे फोल्डर द्यावे. ते रिकामे सोडले तर प्रोग्राम सिस्टम३२ फोल्डरमधून सुरू होतो, आणि स्वतःची सेटिंगची फाइल शेजारी शोधणारे प्रोग्राम तिथे फसतात. शेवटी 'स्टार्टअप' टॅबमधली जुनी नोंद 'डिसेबल' केली.

दुसऱ्या डेस्कटॉपवर टास्क आधीच होता. गंमत अशी की 'रीस्टार्ट' केले की तो चालायचा, पण संध्याकाळी 'शट डाउन' करून सकाळी चालू केले की नाही. कारण फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून ही सोय आहे. ती चालू असेल तर 'शट डाउन'मध्ये तुम्ही साइन-आउट होता, पण विंडोजचा गाभा डिस्कवर झोपवून ठेवला जातो आणि सकाळी तोच उठतो. म्हणून 'ऍट स्टार्टअप' हा ट्रिगर पेटत नाही. 'रीस्टार्ट'मध्ये मात्र सगळे नव्याने उभे राहते. फास्ट स्टार्टअप बंद करायची गरज नाही. ट्रिगर 'ऍट लॉग ऑन' केला की झाले.

सगळ्यात जास्त वेळ लॅपटॉपने घेतला. दुकानातल्या ताई म्हणाल्या, "दादा, हा कधी चालतो, कधी नाही." कधीतरी होणारा बिघाड शोधायचा तर नोंद हवी, आणि टास्कचा इतिहास बऱ्याच मशीनवर बंदच असतो. उजवीकडच्या 'एनेबल ऑल टास्क्स हिस्टरी'वर क्लिक करून तो चालू केला आणि तीन दिवस थांबलो. एका दिवशी नोंद व्यवस्थित होती आणि 'लास्ट रन रिझल्ट' शून्य, म्हणजे काम नीट झाले. बाकी दोन दिवशी टास्क सुरूच झाला नव्हता.

लॅपटॉप लोकलने येतो. पिशवीतून काढून आधी उघडला जातो, चार्जर नंतर लागतो. नव्या टास्कच्या 'कंडिशन्स'मध्ये 'स्टार्ट द टास्क ओन्ली इफ द कॉम्प्युटर इज ऑन एसी पॉवर' ही खूण मुळातच लावलेली असते. बॅटरीवर साइन-इन झाले की टास्क सुटतो आणि नंतर चार्जर लावून परत येत नाही. ती खूण काढली. पण तिसऱ्या दिवसाचा उलगडा याने होत नव्हता. त्या दिवशी लॅपटॉप बंद केलेलाच नव्हता, नुसते झाकण लावले होते. झोपेतून उठलेल्या मशीनवर पासवर्ड टाकणे म्हणजे अनलॉक, लॉग ऑन नव्हे. 'ऑन वर्कस्टेशन अनलॉक' असा ट्रिगर मिळतो, पण मी तो लावला नाही. दिवसातून दहादा स्क्रीन लॉक होते, दर वेळी सफाई कशाला? त्याऐवजी रोज सकाळी १० चा ट्रिगर दिला आणि 'सेटिंग्ज'मध्ये 'रन टास्क ऍज सून ऍज पॉसिबल आफ्टर अ शेड्युल्ड स्टार्ट इज मिस्ड'वर खूण केली. दहा वाजता मशीन झोपलेले असले तरी उठल्यावर काम होते.

एवढे होऊनही लॅपटॉपवर जागा फारशी सुटली नाही. प्रोग्राम चालत होता, पण दुसऱ्याच घरात. टास्क ऍडमिनच्या खात्याखाली बनवलेला होता आणि ताई साध्या खात्यातून काम करतात. टेंप फोल्डर प्रत्येक खात्याचे वेगळे असते, त्यामुळे रोज ऍडमिनचे रिकामे फोल्डर झाडले जात होते. स्वतःचे टेंप साफ करायला ऍडमिनचे अधिकार लागत नाहीत. म्हणून टास्क ताईंच्या खात्याने, 'हायेस्ट प्रिव्हिलेजेस'ची खूण न लावता चालवला. शिवाय विंडोजची डिस्क क्लीनअप टेंपमधल्या आठवड्याभरातल्या फाइलींना हात लावत नाही, आणि बाहेरच्या प्रोग्राममध्येही ताज्या फाइली वगळण्याची सोय असते. कालची स्क्रॅच फाइल आज दिसली तर घाबरू नये. मर्यादा २४ तासांवर ठेवणे मला योग्य वाटते. त्याहून खाली नको, कारण अडकून बंद पडलेल्या कामाचा काही भाग कधीकधी टेंपमधूनच परत मिळतो.

'लास्ट रन रिझल्ट'मध्ये शून्याऐवजी 0x2 किंवा 0x80070002 असा कोड दिसला तर फाइल सापडलेली नाही. तेव्हा 'ऍक्शन्स'मधला पत्ता बघावा. अपडेटनंतर फोल्डरचे नाव बदललेले असू शकते, किंवा अँटीव्हायरसने फाइल अडकवून ठेवलेली असते.

तयार टास्क 'एक्सपोर्ट' करून दुसऱ्या मशीनवर 'इम्पोर्ट' करता येतो. तिथे आधी 'चेंज यूजर ऑर ग्रुप'मध्ये त्या मशीनचे खाते निवडावे. निर्यात केलेल्या फाइलमध्ये जुन्या मशीनवरच्या खात्याचा ओळख क्रमांक लिहिलेला असतो, आणि नव्या मशीनला तो ओळखता येत नाही.