पत्र्याच्या शेडमधला पहिला अल्बम: हलगी-बेंजो झाले, आता गळा

नऊ गाण्यांपैकी सहा गाण्यांची वाद्यं रेकॉर्ड झाली. गळा, म्हणजे गायिकेचा आवाज, मात्र अजून एकाच गाण्याचा पक्का झालाय. ७ जूनला मृग लागतो, आणि पत्र्यावर पहिली सर आली की आमचा स्टुडिओ बंद. त्यामुळे उरलेली तिन्ही गाणी आणि सगळा गळा त्याच्या आत उरकायचा आहे. मधल्या काळात बरंच शिकायला मिळालं, ते इथे सविस्तर लिहून ठेवतो. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: आम्ही परभणीचे पाच जण. गिटार, बेस, हलगी (आणि त्याच वादकाच्या पायाशी एक जुना किक ड्रम), बेंजो आणि गायिका. गिटार आणि रेकॉर्डिंग माझ्याकडे. जागा म्हणजे पूर्वी ट्रॅक्टर उभा राहायचा ते शेड. वीस फूट बाय बारा फूट, भिंती विटांच्या, खाली शहाबादी फरशी, वर पत्रा. साहित्य मोजकंच आहे: दोनच माइक लागतील असा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा), शुअर कंपनीचे दोन माइक, एक एसएम ५७ आणि एक एसएम ५८, आणि लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर.

१९६० च्या दशकात अमेरिकेत शाळकरी पोरं घरच्या गॅरेजमध्ये स्वस्त गिटारी घेऊन वाजवायला लागली. तीन कॉर्ड, अडीच मिनिटांचं गाणं, फाटका आवाज. तेच गॅरेज पॉप, आणि आम्हालाही तेच करायचंय. त्या रेकॉर्डिंगमध्ये मला सर्वांत आवडते ती खोली. वाजवणारे कुठे उभे आहेत ते ऐकू येतं. आमच्या अल्बममध्येही शेड ऐकू आलं पाहिजे, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. त्याला अट एकच, शब्द बुडता कामा नयेत. गाणी इथल्या बोलीत आहेत. 'काहून' आणि 'कुटं' कळलंच नाही, तर मग हा अल्बम परभणीत करण्यात काय अर्थ?

आता शेडबद्दल. भिंती समोरासमोर आणि गुळगुळीत, म्हणून टाळी वाजवली की टर्रर्र असा लांबट पडसाद यायचा. कापूस भरलेल्या बारदानाच्या गोण्या दोन्ही लांब भिंतींना आडव्या रचल्या, समोरासमोर न येतील अशा. एका गोणीसमोर मोकळी भिंत, मोकळ्या भिंतीसमोर गोणी. टर्रर्र गेलं, पण शेड मेलं नाही. फूटभर जाडीची कापसाची गोणी साधारण ३०० हर्ट्झच्या (सेकंदाला ३०० कंपनं) वरचा आवाज चांगला पिते. कापूसपट्ट्यात राहत असाल तर महागडा फोम घेण्याआधी हे करून बघा. गोण्या कोरड्या ठेवा आणि एक्स्टेन्शन बोर्डापासून लांब ठेवा, कापूस पेटायला ठिणगी पुरते.

खालचे सूर मात्र गोणीला दाद देत नाहीत. बेसच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या पडद्यावर जो सूर आहे, जी, ४९ हर्ट्झचा, तो वाजला की शेड भरून घुमायचं. बाकीचे सूर साधे आणि हा एकटाच दुप्पट. गणित केलं तर कारण सापडतं. शेडची रुंदी बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर. मे महिन्यात शेडमध्ये ४२ अंश असतं तेव्हा ध्वनीचा वेग सेकंदाला ३५७ मीटरच्या आसपास जातो. त्याला रुंदीच्या दुपटीने भागा, ४९ हर्ट्झ येतात. हेच गणित १५ अंशांना केलं तर साडेशेहेचाळीस हर्ट्झ येतात, म्हणजे एफ शार्प. डिसेंबरच्या तालमींत दुसरा पडदा का घुमत होता आणि आता तिसरा का, याचा उलगडा झाला. एकच शेड उन्हाळ्यात वेगळ्या सुराचं आणि हिवाळ्यात वेगळ्या सुराचं, ही गोष्ट मला फार आवडली.

उपाय फुकटचा आहे. या घुमण्याचा दाब दोन्ही भिंतींपाशी सर्वांत जास्त आणि बरोबर मध्यावर सर्वांत कमी असतो. बेसचा अॅम्प्लिफायर भिंतीपासून ओढून मध्ये आणला, सहा फुटांवर, आणि माइकही त्याच रेषेत ठेवला. जी बाकीच्यांच्या बरोबरीला आला.

त्या जी सुराला आणखी एक शेजारी आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. अॅम्प्लिफायरमधून जो हम, म्हणजे सततची गुणगुण, येतो त्याचा मूळ सूर आणि बेसचा जी यांत एकाच हर्ट्झचं अंतर, म्हणून लांबवलेला जी सेकंदाला एकदा हेलकावे खायचा. आधी वाटलं तार जुनी झाली. मग लक्षात आलं, अॅम्पच्या धातूला हात लावला की हम कमी होतो. याचा सरळ अर्थ अर्थिंग नीट नाही. शेडचा अर्थिंगचा खड्डा कोळसा-मीठ घालून केलेला आहे, पण उन्हाळ्यात आपली काळी जमीन वाळून भेगाळते आणि खड्डा कोरडा पडतो. वायरमनला बोलावून जोडणी तपासून घेतली, खड्ड्यात पाणी सोडलं, सगळी उपकरणं एकाच बोर्डावर आणली आणि टेक (एका दमातलं रेकॉर्डिंग) घेताना लॅपटॉप बॅटरीवर ठेवला. हम जवळजवळ गेला. अर्थिंगकडे आवाजासाठी नाही तरी जिवासाठी बघा. गाणाऱ्याचे ओठ माइकच्या जाळीला लागतात आणि हातात गिटार असते.

हलगीला आम्ही स्नेअर ड्रमच्या (ड्रमसेटमधल्या कडक ठोक्याच्या ड्रमच्या) जागी बसवलंय, आणि या अल्बमचा चेहरा तीच आहे. एका हातात जाड टिपरी, दुसऱ्यात लवचिक काडी, त्यामुळे स्नेअरच्या एका ठोक्याच्या जागी ठोका आणि त्याची झणझण अशा दोन गोष्टी मिळतात. चामडं शेकून सुरात आणायचं. दुपारच्या उन्हात ते आपणच ताणलेलं असतं, रात्री अकरानंतर उतरायला लागतं. आम्ही रात्रीच रेकॉर्ड करतो, कारण पंखा लावता येत नाही. म्हणून प्रत्येक गाण्याआधी बाहेर शेगडीवर शेक, मग ट्यूनरवर सूर बघायचा, मग टेक. एका गाण्याचे दोन टेक जोडायचे तर दोन्हींत चामड्याचा सूर एकच हवा, नाहीतर जोड लगेच कळतो.

माइक दोनच, म्हणून ग्लिन जॉन्स या इंग्लिश रेकॉर्डिंग इंजिनिअरच्या पद्धतीचा आधार घेतला. एक माइक वरून, दुसरा वादकाच्या उजव्या बाजूने, आणि दोन्हींचं हलगीच्या मध्यापासूनचं अंतर अगदी सारखं. आम्ही सुतळीने मोजतो. एक फुटाचा जरी फरक पडला तरी आवाज दुसऱ्या माइकपर्यंत एका मिलिसेकंदाहून किंचित कमी इतका उशिरा पोचतो, आणि दोन्ही एकत्र केले की ६०० हर्ट्झच्या जवळपासचा भाग एकमेकांना खाऊन टाकतो. हलगीचा दम तिथेच आहे. सुतळी वापरायला लागल्यापासून तिला इक्वलायझर लावावाच लागला नाही.

बेंजोबद्दल वेगळं लिहायला हवं. आपल्याकडे बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेला बुलबुलतरंग, वरातीतला. त्याचं मूळ जपानी ताइशोगोतो. १९१२ साली नागोयात गोरो मोरिता यांनी तो तयार केला. आमचे बेंजोवाले काका आयुष्यभर वरातींत वाजवत आलेत. शेजारी गिटार असो नाहीतर रेल्वेचं इंजिन, त्यांचा हात डळमळत नाही. मी म्हटलं, "काका, क्लिक ट्रॅक (ताल धरायची टिकटिक) हेडफोनमध्ये देऊ का?" ते म्हणाले, "मला कशाला रे? हलगीला दे. हलगी हलली नाही तर मी कशाला हलतो?" हलगीला दिला. त्यांचं म्हणणं खरं निघालं.

त्यांचा बेंजो दहा वॉटच्या छोट्या गिटार अॅम्पमधून पूर्ण आवाजावर सोडला. १९६४ साली द किंक्स या इंग्लिश बँडच्या गिटारवाल्या डेव्ह डेव्हिसने छोट्या अॅम्पच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरून फाटका आवाज मिळवला होता. आम्ही स्पीकर चिरला नाही, दहा वॉट गच्च भरले की ते आपोआप करपतात. दुसरा माइक बटणांजवळ, कारण त्या खटखटीत ताल आहे. मिक्समध्ये खटखट उजवीकडे आणि करपलेला सूर डावीकडे ठेवलाय. शेडइतकाच या आवाजावर माझा जीव जडलाय.

शब्द. एक गाणं परभणी मोतीवर आहे, आपल्या कृषी विद्यापीठाच्या ज्वारीवर, हुरड्यापासून भाकरीपर्यंत. दुसरं दुष्काळात लातूरला पाणी घेऊन आलेल्या रेल्वेवर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पहिली गाडी आली तेव्हा दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं. आमच्या बेसवाल्याची आजी लातूरची, तिने सांगितलेल्या गोष्टींतून हे गाणं आलं. चाल बसत नव्हती, तेव्हा गायिकेने मोठ्या अभंगाचा साचा घेतला. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. गंगाखेडच्या जनाबाईंच्या जिल्ह्यात हा साचा कुणाला शिकवावा लागत नाही.

मिरजेचं पाणी
रेल्वेचा गं डबा
ठेसनात उभा
घागर दे

पहिले तीन चरण आठ-आठ मात्रांत भरून येतात. चौथा चारच अक्षरांचा, अर्ध्यातच संपतो. उरलेल्या चार मात्रा रिकाम्या, आणि तिथे बेंजोची रिफ, म्हणजे परत परत येणारी छोटी सुरावट, बसते. गॅरेज पॉपला गाणाऱ्याच्या ओळीनंतर वाद्याने उत्तर द्यायला जागा लागते, ती अभंगात आधीच मोकळी ठेवलेली आहे. आता नऊपैकी चार गाणी याच साच्यात आहेत, आणि मला तीच सर्वांत गॅरेज वाटतात.

या गाण्याच्या धृपदासाठी गळा साध्या माइकवर घेऊन नंतर तो लग्नाच्या मांडवातल्या भोंग्यातून वाजवला. भोंगा अंगणात, माइक शेडच्या दारात. भोंगा ३०० हर्ट्झच्या खालचं जवळपास काहीच देत नाही, त्यामुळे स्टेशनवर घोषणा चाललीय असं वाटतं. हे काम संध्याकाळीच केलं. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला बंदी आहे, आणि शेजाऱ्यांनी आम्हाला आजवर फार सांभाळून घेतलंय.

शब्द स्पष्ट राहण्यासाठी सध्या एवढंच करतोय: ट, ठ, च, क यांची धार साधारण २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असते आणि गिटारही तिथेच ओरडते. म्हणून गिटारचं ३ किलोहर्ट्झ तीन डेसिबलने उतरवलं, तेही फक्त गळा चालू असताना. हलगी थोडी डावीकडे सरकवली. गळ्याला रिव्हर्ब (वरून घातलेला पडसाद) अजिबात नाही, शेडचाच पडसाद पुरतो. शेवटची पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (गाणं किती मोठं ऐकू येतं त्याचं माप) आसपास ठेवणार. स्पॉटिफाय त्याहून मोठं गाणं खालीच आणतं, मग हलगीचा ठोका चेपून काय मिळवायचं?

पुढचं काम असं. या आठवड्यात परभणी मोतीचा गळा आणि पाण्याच्या गाण्याची दुसरी, तिसरी कडवी. त्यानंतर उरलेल्या तीन गाण्यांची वाद्यं, त्यांतल्या एकात संबळ हवाय. तुळजापूरकडचे एक गोंधळी यायला तयार आहेत. संबळाच्या दोन्ही भांड्यांना दोन माइक दिले तर किकसाठी माइक उरत नाही, म्हणून किक नंतर वेगळा वाजवायचा की संबळच एका माइकवर घ्यायचा, हे त्यांच्यासमोर बसून ठरवू. कुणी संबळ एका माइकवर घेतला असेल तर माइक किती उंचीवर आणि कुठल्या भांड्याकडे झुकवला, ते जरूर कळवा.