बॉनेटखालचा रंग

बाबांच्या १९८६च्या पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन कामासाठी खाली उतरवलं, तेव्हा पहिल्यांदाच बॉनेटखालची जागा रिकामी दिसली. डिझेल आणि ब्रशने दोन रविवार घासल्यावर कळलं, की काळ्या थराखाली गाडीचाच क्रीम रंग आहे. बॅटरीच्या ट्रेखाली मात्र ॲसिडने पत्रा पार खाल्लेला. तिथे नवा तुकडा वेल्डिंग करून घेतला.

पेंटरमामा म्हणाले, "मॅट काळा मारू, मळ दिसत नाही."

मला तर मळ दिसायलाच हवा होता! काळ्यावर ऑइलची गळती कळणार कशी? शिवाय मॅटचा पृष्ठभाग खरबरीत, ग्रीस त्यात मुरतं आणि पुसायला गेलं की फडक्याचे तंतू चिकटून बसतात. फुल ग्लॉस पुसायला सोपा, पण जुन्या पत्र्यातली प्रत्येक लाट उघडी पाडतो. शेवटी मूळचाच क्रीम, सेमी-ग्लॉस, असं ठरलं. रंग टू-के पीयू घेतला, म्हणजे हार्डनर (रंग कडक करणारं द्रव्य) मिसळून मारायचा दोन भागांचा पॉलियुरेथेन, कारण साध्या रंगाला पेट्रोल लागलं की तो मऊ पडतो.

रंग खाणाऱ्या ब्रेक ऑइलपुढे मात्र कुठल्याच रंगाचं फार चालत नाही. परवा ते भरताना दोन थेंब सांडले. पाण्याची बाटली आणायला मी तीन मजले पळत चढलो. (बायको अजून हसतेय.) रंग वाचला. जवळ जाऊन बघितलं तर चकाकी किंचित उतरलीय, चवलीएवढी. मामांना अजून दाखवलेलं नाही.